वेल मेली, जमीन गेली

शाकीय पुनरुत्पादनाचा धडा शिकवताना दाब कलम आपण बहुधा फळ्यावरच उरकतो. एक फांदी काढायची, ती वाकवून मातीत पुरलेली दाखवायची, टोक वर ठेवायचे, पुरलेल्या भागाला बारीक मुळ्या काढायच्या आणि 'मुळे फुटली की फांदी मूळ झाडापासून तोडतात' असे लिहून गुटी कलमाकडे वळायचे. परीक्षेत फार तर दोन गुणांचा प्रश्न. या साध्या युक्तीच्या आधारावर एका प्रदेशातली शेतकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर टिकून होती आणि पुढे मिलिमीटरभर लांबीच्या एका किड्याने ती युक्ती निकामी केली, ही हकिकत मात्र धड्यात येत नाही. ती घडली स्पेनमध्ये, द्राक्षांच्या मळ्यांत.

ही द्राक्षे खाण्याची नव्हेत, वाइनची. तेव्हा लेखात मद्याचा उल्लेख वारंवार येणार, त्याला इलाज नाही. वर्गात सांगताना वाइन बाजूला ठेवून वेलीचीच गोष्ट सांगितली तरी काही बिघडत नाही. खरी गोष्ट वेलीच्या मुळांचीच आहे.

स्पेन हा एकाच हवामानाचा देश नाही. वायव्येला गॅलिशिया भागात पाऊस इतका की द्राक्षे जमिनीजवळ ठेवली तर सडतील. म्हणून तिथे ग्रॅनाइटचे खांब रोवून त्यांवर मांडव घालतात आणि खालून वारा खेळू देतात. नाशिक-सांगलीकडचा द्राक्षाचा मांडव पाहिलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटेल. मधल्या ला मांचाच्या पठारावर याच्या उलट स्थिती. पाऊस तुटपुंजा, ऊन रणरणते. तिथे वेलींना मांडव नाही, तारही नाही. झुडपासारख्या बुटक्या वेली एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर लावायच्या, म्हणजे प्रत्येकीच्या मुळांना पुरेशी ओल मिळते. या भागात वाइन मुरवायची ती भाजलेल्या मातीच्या प्रचंड रांजणांत. त्यांना तिनाहा म्हणतात आणि ते घडवणाऱ्या कारागिरांसाठी व्हियारोब्लेदो हे गाव प्रसिद्ध होते. वाहतूक होई कातड्याच्या पखालींतून. डॉन किहोटे एका खाणावळीत राक्षस समजून ज्यांच्यावर तलवार चालवतो त्या याच वाइनच्या पखाली. सेर्व्हांतेसच्या कादंबरीचा पहिला भाग १६०५ सालचा आहे, म्हणजे ही वहिवाट तेव्हाही जुनीच होती.

दक्षिणेला हेरेस. पांढऱ्याफेक चुनखडीच्या टेकड्या आणि शेरी नावाची वाइन. तिथे पिंप काठोकाठ भरत नाहीत. वर मोकळी जागा ठेवतात आणि वाइनवर किण्वाची जाडसर साय धरू देतात. इतर ठिकाणी अशी साय दिसली की माल बिघडला म्हणून लोक कपाळाला हात लावतील. इथे तीच हवेपासून वाइनचे रक्षण करते आणि तिला वेगळा स्वाद देते. या सायीवर स्वतंत्र लेख होईल, इथे थांबत नाही. उत्तरेला रियोहा. तिथली ओळख म्हणजे ओकच्या लाकडाच्या २२५ लिटरच्या पिंपांत वाइन दीर्घकाळ मुरवणे. आणि ईशान्येला, फ्रान्सच्या सीमेला लागून, कॅटलोनिया. तिथला पेनेदेस हा भाग आज फेसाळत्या पांढऱ्या वाइनसाठी ओळखला जातो.

आज या सगळ्याला 'परंपरा' म्हणतात आणि बाटलीवरच्या कागदावर शिक्के, मुकुट, मठांची चित्रे छापून ती फार पुरातन असल्याचे सुचवतात. काही गोष्टी खरोखरच जुन्या आहेत. पण रियोहाची पिंपे, पेनेदेसची पांढरी द्राक्षे, हेरेसच्या मळ्यांतली एकाच जातीची सलग लागवड यांचा मोठा हिस्सा १८६० ते १९२० या साठ वर्षांत घडला आहे. तो घडण्यामागे एक किडा होता. या किड्याने कोणाचे काय केले, हे मात्र कॅटलोनियात सर्वांत स्पष्ट दिसते. म्हणून सुरुवात तिथून करू.

कुळाचा करार

कॅटलोनियाच्या डोंगरउतारांवर जमीन एकाची आणि कसणारा दुसरा, ही जुनी रीत होती. पडीक, दगडधोंड्यांची जमीन मालकाच्या फारशा उपयोगाची नसे. तो ती एखाद्या कुटुंबाला देई. कुटुंबाने झाडोरा तोडायचा, दगड वेचून बांध घालायचे, द्राक्षवेली लावायच्या आणि पीक येऊ लागले की त्यातला ठरलेला हिस्सा मालकाला द्यायचा. हिस्सा कुठे तिसरा, कुठे चौथा, जशी जमीन तसा. आपल्याकडची खंडाची किंवा बटाईची शेती आठवते. पण मुदतीचे कलम वेगळेच होते. करार वर्षांत मोजलेला नसे. तो पहिल्या लावलेल्या वेलींच्या आयुष्याएवढा असे. वेली जिवंत आहेत तोवर जमीन कुळाकडे. दोन तृतीयांश वेली मेल्या किंवा फळेनाशा झाल्या की करार संपला, जमीन मालकाकडे परत. कराराचे नावच 'रबासा मोर्ता', म्हणजे मेलेला बुंधा. अशा कुळांना रबासायरे म्हणत.

वेल हे घड्याळ धरणारा हा करार वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाला मोठा मौजेचा वाटावा. वेल किती जगते? नीट सांभाळली तर पन्नास वर्षे सहज, पुष्कळदा त्याहूनही जास्त. आणि कुळाच्या हाती आणखी एक उपाय होता: दाब कलम. एखादी वेल म्हातारी झाली, वाळू लागली, की शेजारच्या जोमदार वेलीची लांब काडी वाकवून त्या जागी मातीत पुरायची आणि टोक वर काढायचे. दोन-तीन वर्षांत तिला स्वतःची मुळे फुटतात. आता ही नवी वेल म्हणायची की जुनीच? शरीराने ती जुन्या वेलीचाच भाग आहे. असे करत राहिले तर मळा कधीच मरत नाही. मरत नाही म्हणून करारही संपत नाही. बाप, मुलगा, नातू त्याच जमिनीवर राहतात.

मालकांच्या हे लक्षात न येते तरच नवल. त्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि अठराव्या शतकात बार्सिलोनाच्या न्यायालयाने पन्नास वर्षांची मर्यादा घातली. १८८९ च्या स्पॅनिश दिवाणी संहितेत या करारासाठी वेगळे कलम आहे, कलम १६५६. दुसरी मुदत स्पष्ट ठरलेली नसेल तर पन्नास वर्षांनी करार संपेल, पहिल्या वेली मेल्या किंवा दोन तृतीयांश वेली निष्फळ झाल्या तरी संपेल आणि करार चालू असताना कुळाला दाब कलमे करता येतील, असे त्यात लिहिले आहे. दिवाणी कायद्यात दाब कलम! शब्द वाचून गंमत वाटते. पण हे कलम छापून बाहेर पडले तेव्हा कॅटलोनियाच्या वेली मुळांपासून मरायला लागल्या होत्या.

किडा

या किड्याचे नाव फायलॉक्सेरा. आपण पिकांवर मावा पाहतो, त्याचाच हा भाऊबंद. पिवळसर, जेमतेम मिलिमीटरभर, भिंगाशिवाय नीट दिसत नाही. मूळचा उत्तर अमेरिकेचा. तिथल्या रानद्राक्षांवर तो युगानुयुगे राहत आला आणि त्या वेलींनीही त्याच्याशी जमवून घेतले. तो मुळाला सोंड टोचतो तेव्हा अमेरिकन वेल जखमेभोवती बुचासारख्या पेशींचा थर धरते आणि इजा तिथेच थांबते. युरोपातल्या द्राक्षवेलीला ही विद्या येत नाही. तिच्या मुळांवर गाठी येतात, साली फाटतात, त्यांतून बुरशी आत शिरते आणि मुळे कुजतात. मुळांवर राहणाऱ्या माद्या नराशिवायच अंडी घालतात आणि एका हंगामात अनेक पिढ्या होतात, त्यामुळे संख्या भराभर वाढते.

अमेरिकेतून युरोपात शोभेच्या आणि प्रयोगाच्या वेली पूर्वीही जात. पण शिडाच्या जहाजाला लागणाऱ्या दिवसांत किडा वाटेतच मरत असावा. वाफेच्या जहाजांनी प्रवास आखूड केला आणि १८६० च्या सुमारास तो जिवंत पोचला. १८६३ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या काही मळ्यांत वेली कारण न कळता वाळू लागल्या.

पुढचा प्रसंग विज्ञानाच्या पद्धतीचे उदाहरण म्हणून मुलांना जरूर सांगावा. वाळलेल्या वेली उपटून पाहिल्या तर मुळे काळी, कुजलेली. किडा कुठेच नाही. काही विद्वानांनी ठरवले की हवामान बिघडले; काहींनी जमीन थकली म्हटले. १८६८ च्या जुलैत माँपेलिए इथले वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ आणि त्यांचे दोन सहकारी रोन नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या मळ्यांत गेले. त्यांनी मेलेल्या वेलींबरोबर शेजारच्या, अजून हिरव्या असलेल्या वेलीही उपटायला लावल्या. मुळांवर पिवळ्या किड्यांचे थर होते. वेल मरू लागली की किडा तिला सोडून शेजारणीकडे जातो; आधीच्या लोकांनी प्रेत तपासले होते, खुनी शेजारच्या घरात होता. तरीसुद्धा किडा हे रोगाचे कारण नव्हे, परिणाम आहे, असे म्हणणारे प्रतिष्ठित लोक फ्रान्समध्ये पुढे कित्येक वर्षे होते. अमेरिकेतल्या मिसुरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ रायली यांनी हाच तिकडचा किडा असल्याचे दाखवले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले.

१८७५ साली फ्रान्समध्ये विक्रमी, सुमारे ८४५ कोटी लिटर वाइन झाली होती. १८८९ मध्ये ती २३४ कोटी लिटरवर आली. सरकारने उपाय शोधणाऱ्याला तीन लाख फ्रँकचे बक्षीस लावले. हजारो सूचना आल्या, बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

शेजाऱ्याचे घर जळताना

फ्रान्सच्या व्यापाऱ्यांना माल हवा होता आणि पिरेनीज पर्वतापलीकडे स्पेनचे मळे हिरवेगार होते. याची सुरुवात किड्याच्याही आधी झाली होती. १८५० नंतर फ्रान्समध्ये भुरी रोग आला, तोही अमेरिकेतूनच. तेव्हापासून बोर्दोचे व्यापारी रियोहात येऊ लागले होते. रियोहातला जुना रिवाज साधा होता. घोस सबंध दगडी हौदात टाकायचे, तिथेच आंबवायचे, तुडवायचे आणि वाइन वर्षभरात पिऊन संपवायची. ती फार टिकत नसे. १८६२ मध्ये आलावा प्रांताच्या प्रशासनाने बोर्दोहून झाँ पिनो नावाचे तज्ज्ञ बोलावून शेतकऱ्यांना नवी पद्धत शिकवण्याची व्यवस्था केली. देठे वेगळे करणे, लहान पिंपांत मुरवणे, वेळोवेळी गाळ काढून पिंप बदलणे. लहान शेतकऱ्यांना हा खर्च परवडण्यासारखा नव्हता; ती पद्धत उचलली ती मार्केस दे रिस्काल यांच्यासारख्या धनिकांनी. त्याच दशकात आरो गावात रेल्वे आली आणि पुढे स्थानकाच्या अवतीभोवती एकामागून एक वाइनची कोठारे उभी राहिली. त्यांतली काही आजही तिथेच आहेत. रियोहाची 'प्राचीन' ओकची पिंपे ती ही. बोर्दोत आता लाकडातला काळ बराच आखूड झाला आहे. शिष्य मात्र जुना धडा धरून बसला आहे. तिथल्या 'रिझर्व्हा' वाइनला आजही किमान तीन वर्षे मुरावे लागते, त्यांतले किमान एक वर्ष पिंपात.

१८८२ मध्ये फ्रान्स-स्पेन व्यापारी तह झाला आणि स्पॅनिश वाइनवरची फ्रान्सची जकात उतरली. आता तेजीला पारावार राहिला नाही. कॅटलोनियात लोकांनी गहू काढून, जंगल तोडून, डोंगराच्या माथ्यापर्यंत पायऱ्या खणून वेली लावल्या. त्या काळच्या भरभराटीला 'सोन्याचा ताप' असे नाव पडले. ते सार्थ आहे; ताप चढतो तसा उतरतोही. फ्रान्सने नव्या वेलींची लागवड उरकली आणि १८९२ मध्ये जकात पुन्हा वाढवली. तोपर्यंत किडाही आत शिरला होता.

स्पेनमध्ये तो दोन-तीन वाटांनी आला. १८७८ मध्ये दक्षिणेला मालागाजवळ सापडला, तिथे फ्रान्सहून आणलेल्या रोपांबरोबर आला होता. १८७९ मध्ये ईशान्येला फ्रेंच सीमेजवळ. पश्चिमेला पोर्तुगालकडून. १८८७ मध्ये पेनेदेस, १८९४ मध्ये हेरेस, १८९९ मध्ये रियोहा. तारखा नकाशावर मांडून पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. पहिली सूचना आणि शेवटचा मोठा तडाखा यांत वीस वर्षे होती आणि उपाय काय आहे हे पहिल्या दिवशीही ठाऊक होते. मग मळे का वाचले नाहीत?

सरकारने १८७८ मध्ये कायदा केला. बाधित मळे आणि त्यांच्याभोवतीचा पट्टा खणून जाळायचा, जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचायचे. सीमेजवळच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहा. त्याच्या वेली हिरव्या आहेत, फळाने लगडल्या आहेत, किडा डोळ्यांना दिसत नाही. आणि सरकारी माणसे कुदळी घेऊन आली आहेत. रबासायरेला तर वेली खणणे म्हणजे करार खणणे. गावकरी आडवे आले, पथकांना परत जावे लागले. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. खणलेल्या वेलीमागे त्यांच्या जमिनीची हमी कोणी दिली असती तर ते कदाचित वेगळे वागले असते.

मालागाचे डोंगर मात्र पुन्हा पूर्वीसारखे झाले नाहीत. तिथली मनुक्यांची आणि गोड वाइनची बाग जगप्रसिद्ध होती. ती गेली आणि उतारांवरची माती पावसाने वाहून गेली. पुढच्या दशकांत त्या बाजूची माणसे जहाजांत बसून दूरदूर गेली. १९०७ मध्ये एक जहाज मालागाहून हवाई बेटांवरच्या उसाच्या मळ्यांसाठी कुटुंबेच्या कुटुंबे घेऊन निघाले.

परक्या मुळांवर

उपाय सुचवला तो लालिमाँ नावाच्या बोर्दोच्या एका बागाईतदाराने, १८६९ मध्ये. किडा अमेरिकन मुळांना मारत नाही, तर मुळे अमेरिकन घ्यावीत आणि वर आपली वेल बांधावी. म्हणजे खुंट परका, डोळकाडी घरची. फळ आपलेच राहते. फ्रान्समध्ये या मतावर मोठे भांडण झाले. एक पक्ष रसायनवाल्यांचा, दुसरा अमेरिकावाल्यांचा. अमेरिकन मुळांवरून वाइनला रानटी वास येईल, अशी भीती होती. शेवटी खर्चानेच निकाल लावला. रसायन दरवर्षी टोचावे लागे, कलम एकदाच.

तरी एक अडचण उरली. फ्रान्सच्या चुनखडीच्या भागांत आणि हेरेसच्या पांढऱ्या टेकड्यांवर सुरुवातीचे अमेरिकन खुंट लावले की पाने पिवळी पडत. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही आणि लोहाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही. चुनखडीच्या रानात असा पिवळेपणा आपले शेतकरीही पाहतात. तेव्हा चुन्यात वाढलेली अमेरिकन रानवेल शोधायला १८८७ मध्ये फ्रान्सने पिएर व्हियाला यांना अमेरिकेला पाठवले. महिनोन्‌महिने हिंडून ते टेक्सासमधल्या मन्सन यांच्याकडे पोचले. मन्सन रोपवाटिका चालवत आणि घोड्यावरून, रेल्वेने फिरून रानद्राक्षे गोळा करीत. त्यांनी व्हियालांना मध्य टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्या दाखवल्या. तिथे बर्लांदिएरी नावाची जात मजेत वाढत होती. तिच्या काड्यांना मुळे सहज फुटत नाहीत, म्हणून युरोपच्या द्राक्षाशी तिचा संकर केलेला '४१ बी' हा खुंट वापरात आला. हा संकर करणारे मिलार्दे म्हणजे बोर्डो मिश्रणाचे जनक. आपल्याकडच्या प्रत्येक द्राक्ष बागाईतदाराला त्यांचे मिश्रण ठाऊक असते, नाव क्वचितच. फ्रान्सने मन्सन यांना १८८८ मध्ये आपला मोठा सन्मान दिला. हेरेसचे मळे अशा खुंटांवर पुन्हा उभे राहिले.

मात्र पूर्वीचे मळे आणि नवे मळे यांत फरक पडला. १८०७ मध्ये सिमोन दे रोहास क्लेमेंते या निसर्गशास्त्रज्ञाने आंदालुसियातल्या द्राक्षांवर ग्रंथ लिहिला होता. पानांवरची लव, काड्या, घोस यांची बारीक तपासणी करून त्याने ११९ जाती नोंदल्या. सगळे नव्याने लावायचे तर ज्या जातीचे पीक भरवशाचे आणि भरपूर तीच लोक लावणार. हेरेसमध्ये पालोमिनो या एकाच जातीने जवळजवळ सगळे रान व्यापले. काही जुन्या जातींना शेरीसाठी पुन्हा परवानगी मिळाली ती अगदी अलीकडे, एकविसाव्या शतकात.

आता कॅटलोनियात परतू. कलमी वेलीने वाइन वाचवली, पण रबासायरेचा जुना आधार काढून घेतला. कलमी वेलीला दाब कलम केले तर काय होते? पुरलेली काडी असते वरच्या, युरोपीय भागाची. तिला फुटणारी मुळे युरोपीय. किडा जमिनीत आहेच. तो ती खाऊन टाकतो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा मळा अमर ठेवण्याचा उपाय एका फटक्यात गेला. शिवाय कलमी वेलीचे फळते आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे धरले जाई, जुनीच्या निम्मे. आणि खर्च? खुंट विकत घ्यायचे, कलमे बांधायची, जमीन खोल नांगरायची, भुरीसाठी गंधक आणि केवड्यासाठी बोर्डो मिश्रण फवारायचे. हा भार बहुतेक कुळावर.

मालकांचे म्हणणे सरळ होते. वेली मेल्या, करार संपला. नवीन लावायच्या असतील तर नवा करार करा, हिस्सा वाढवून आणि मुदत कमी करून. कुळांचे म्हणणे असे की वेली म्हातारपणाने मेल्या नाहीत, किड्याने मारल्या. जमीन आमच्या आजोबांनी दगड फोडून केली आहे. करार लिहिणाऱ्यांनी मरणाची दोन कारणे कल्पिलीच नव्हती. कायदा मालकाच्या बाजूने होता. १८९० नंतर कुळे संघटित होऊ लागली, हिस्सा देणे बंद करण्याचे लढे झाले. १९२२ मध्ये रबासायरेंची मोठी संघटना स्थापन झाली. तिच्या उभारणीत लुईस कोम्पानीस हे तरुण वकील होते. स्पेन प्रजासत्ताक झाल्यावर कोम्पानीस कॅटलोनियाच्या स्वायत्त सरकारचे अध्यक्ष झाले आणि एप्रिल १९३४ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कूळकायदा केला. अठरा वर्षे जमीन कसणाऱ्या कुळाला ती विकत घेण्याचा हक्क त्यात होता. मालकांच्या आग्रहावरून माद्रिदच्या सरकारने त्याला घटना न्यायालयात आव्हान दिले. जूनमध्ये न्यायालयाने कायदा रद्द ठरवला. कॅटलोनियाच्या विधिमंडळाने काही दिवसांत तोच कायदा पुन्हा मंजूर केला. ऑक्टोबरमध्ये कोम्पानीस यांनी माद्रिदविरुद्ध बंड पुकारले आणि ते तुरुंगात गेले. बंडाला इतर मोठी कारणे होती, सगळे खापर किड्यावर फोडणे बरोबर नाही. दोन वर्षांत यादवी युद्ध पेटले, फ्रँकोची राजवट आली आणि कुळांचा कायदा गेला. कोम्पानीस यांना १९४० मध्ये बार्सिलोनात गोळ्या घातल्या. आपल्याकडे मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा आणि 'कसेल त्याची जमीन' प्रत्यक्षात आणणारा कृषक दिन १ एप्रिल १९५७ चा, हे शेजारी ठेवून पाहिले की त्या भांडणाचा ओळखीचा चेहरा दिसतो.

एक मार्ग कुळांनी आणि लहान शेतकऱ्यांनी स्वतः काढला, सहकाराचा. एकट्याला कोठार परवडत नाही, तर गावाचे एक बांधायचे. १९१० ते १९२० च्या दशकांत दक्षिण कॅटलोनियात अशी कितीतरी सहकारी कोठारे झाली. त्यांतली बरीच गौदीचे शिष्य सेझर मार्तिनेल यांनी बांधली. पोलाद महाग होते म्हणून त्यांनी विटांच्या उंच कमानी घेतल्या. लोक त्यांना वाइनची कॅथेड्रल म्हणतात.

पेनेदेसमध्ये नव्याने लागवड करताना लाल जाती मागे पडल्या आणि पांढऱ्या आल्या. १८७२ पासून सान्त सादुर्नी गावात एक घराणे फ्रान्सच्या शँपेनसारखी फेसाळती वाइन करीत होते. आता तिला भरपूर पांढरी द्राक्षे मिळू लागली. या गावात १९८२ पासून दरवर्षी सप्टेंबरमध्ये फायलॉक्सेराचा उत्सव होतो. भला मोठा पिवळा किडा रस्त्यातून ठिणग्या उडवत फिरतो, त्याच्यामागे पिवळ्या पोशाखातली किड्यांची फौज.

किडा सगळीकडे पोचला असे नाही. भुसभुशीत वाळूत त्याला हिंडता येत नाही, म्हणून तोरो, रुएदा अशा भागांतल्या रेताड रानांत जुन्या, स्वतःच्या मुळांवरच्या वेली काही ठिकाणी आहेत. कॅनरी बेटांना समुद्राने राखले. तिथल्या लान्झारोते बेटावर १७३० ते १७३६ ज्वालामुखी धगधगत होता आणि सुपीक जमीन राखेखाली गेली. पाऊस वर्षाला दीडशे मिलिमीटरच्या आसपास. शेतकऱ्यांनी राखेत खोल खळगे खणून खालच्या मातीत एकेक वेल लावली आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धगोल भिंत रचली. सच्छिद्र काळी राख रात्रीचे दव टिपते आणि दिवसा ओल उडू देत नाही. या बेटांवरच्या वेलींना कधी खुंटाची गरज पडली नाही. पण २०२५ च्या उन्हाळ्यात टेनेरिफ बेटावर फायलॉक्सेरा सापडला आणि दीडशे वर्षांपूर्वीचे प्रश्न तिथल्या शेतकऱ्यांपुढे आले.

महाराष्ट्रातही आता द्राक्षे खुंटावरच लावतात, पण ती या किड्यामुळे नव्हे. पाण्याचा तुटवडा आणि खारवट होत जाणाऱ्या जमिनी यांमुळे गेल्या तीसेक वर्षांत 'डॉगरिज' हा खुंट सर्वत्र झाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंटकाडी लावायची, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेतातच तिच्यावर थॉम्सनचे कलम करायचे. हे डॉगरिज टेक्सासमधलेच, मन्सन यांनी निवडलेल्या रानवेलींपैकी एक. नाशिक, सांगली, सोलापूर, जवळपास जी बाग असेल तिथे मुलांना घेऊन जाता आले तर बुंध्यावरची कलमाची गाठ दाखवावी आणि मांडवावरची एक लांब काडी खाली ओढून विचारावे: ही मातीत पुरली, तर तिला मुळे कोणाची फुटतील, डॉगरिजची की थॉम्सनची?